रात्री सातनंतर

वडिलांचं ऑपरेशन सकाळी आठला होतं. रक्ताच्या दोन पिशव्या आदल्या रात्रीच आणून ठेवा, असं नर्सबाईंनी सांगितलं आणि हातात फॉर्म आणि वडिलांच्या रक्ताची छोटी बाटली दिली. मावसभावानं मोटरसायकल काढली, मी मागे बसलो. रक्तपेढी शहराच्या दुसऱ्या टोकाला होती. क्रॉसमॅचिंगसाठी, म्हणजे रक्त जुळतं का ते तपासून होईपर्यंत, तिथल्या बाकावर बराच वेळ बसून राहिलो, मग खिडकीतून थर्मोकोलचा डबा हातात आला. परतताना तो डबा मी पोटाशी धरला होता. प्रत्येक गतिरोधकाला मावसभाऊ गाडी जवळजवळ थांबवत होता. आतला बर्फ किती वेळ टिकतो, पिशवी हिंदकळली तर काय होतं, वाटेत पंक्चर झालं तर काय करायचं, आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. विचारावं असं कुणी दिसतही नव्हतं. रक्त देणारा कुणी अनोळखी माणूस शिबिरात रक्त देऊन, चहा-बिस्किटं घेऊन कधीच घरी गेला होता. रक्त चढवणारे डॉक्टर सकाळी येणार होते. मधला सात-आठ किलोमीटरचा रस्ता मात्र आमच्या नशिबी आला होता.

महाराष्ट्रात हा अनुभव नवा नाही. गणेशोत्सवाच्या मांडवात, जयंती-पुण्यतिथीला, कॉलेजांच्या आवारात शिबिरं होतात, हजारो लोक रांगा लावून रक्त देतात. त्याबद्दल आपण बोलतो, फोटो छापतो. पिशवी मांडवातून निघाल्यापासून रुग्णाच्या खाटेशी लटकेपर्यंत ती कोण नेतं, कशात नेतं, कुणाच्या भरवशावर नेतं, हे सहसा विचारत नाही. ब्रिटनमध्ये हा प्रश्न साठ वर्षांपूर्वी काही मोटरसायकलवाल्यांनी अंगावर घेतला. त्यांना तिथे ‘ब्लड बाइक्स’ म्हणतात. त्यांच्याविषयी वाचत गेलो तेव्हा मला सारखा तो थर्मोकोलचा डबा आठवत होता.

या कामाची वेळ साधारण संध्याकाळी सातला सुरू होते. दिवसभर ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या, म्हणजे एनएचएसच्या, स्वतःच्या गाड्या रुग्णालयांमध्ये फिरत असतात. नमुने, औषधं, रक्त ठरलेल्या फेऱ्यांनी जातं. संध्याकाळी त्या फेऱ्या थांबतात. आजारपण थांबत नाही. रात्री अकरा वाजता एखाद्या छोट्या रुग्णालयात मेंदुज्वराचा संशय असलेलं मूल दाखल झालं आणि पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्याची तपासणी तीस मैलांवरच्या मोठ्या प्रयोगशाळेतच होणार असेल, तर ते पाणी नेणार कोण? पूर्वी उत्तर एकच होतं: टॅक्सी, नाहीतर खाजगी कुरिअर. त्याचे पैसे रुग्णालयाच्या तिजोरीतून जात. टॅक्सीवाला प्रामाणिकपणे डबा पोचवायचा, पण आत काय आहे आणि ते कसं सांभाळायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नसायचं.

आता रुग्णालयाचा फोन स्थानिक गटाच्या कंट्रोलरकडे जातो. ‘कंट्रोलर’ म्हटलं की पडदे आणि नकाशे लावलेली खोली डोळ्यांसमोर येते, तसं काही नसतं. तो किंवा ती आपल्याच घरात, फोन उशाशी ठेवून बसलेली असते. काय उचलायचं, कुठून, कुठे, किती घाईचं आहे, हे टिपून घ्यायचं, त्या रात्री पाळीवर असलेल्या स्वाराला फोन करायचा. स्वारही आपल्या घरीच असतो. बहुतेकांना दुसऱ्या दिवशी नोकरी असते. जाड जाकीट, बूट, हेल्मेट चढवून तो दारातली गाडी काढतो. आठवड्याच्या दिवसांत ही पाळी रात्रभराची असते. शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांना चोवीस तास, नाताळच्या रात्रीसुद्धा. कुणालाही एक पौंड मिळत नाही.

गाड्या साध्या नसतात. यामाहा एफजेआर १३००, होंडा पॅन युरोपियन, बीएमडब्ल्यू आरटी अशा लांब पल्ल्याच्या, पुष्कळदा पोलिसांनी वापरून विकलेल्या. त्यांच्या अंगावर पिवळ्या-नारिंगी चौकटींची पट्टी असते. ब्रिटनमध्ये पोलिसांच्या गाड्यांना पिवळ्या-निळ्या चौकटी, रुग्णवाहिकांना पिवळ्या-हिरव्या आणि रक्तसेवेला पिवळ्या-नारिंगी असा रंगांचा संकेत आहे. रस्त्यावरच्या माणसाला लांबूनच कळतं की या गाडीच्या मागच्या पेटीत काय असेल.

वाचताना मला सगळ्यात आधी थांबवलं ते एका साध्या गोष्टीनं: हे लोक वेगात जात नाहीत. बहुतेक गट सायरन वाजवत नाहीत, निळे दिवे लावत नाहीत, लाल सिग्नलला थांबतात, वेगमर्यादा पाळतात. रक्त घेऊन जाणारी मोटरसायकल म्हटल्यावर आपल्या मनात सिनेमातलं दृश्य उभं राहतं, आणि नवा स्वयंसेवकही बहुधा तेच मनात घेऊन येत असणार. त्याच्याकडून आधी मागितलं जातं ते सावधपणाचं प्रमाणपत्र. साध्या परवान्यावर भागत नाही. पोलिसांच्या प्रशिक्षणातून आलेल्या पद्धतीवर आधारित प्रगत चालन परीक्षा उत्तीर्ण व्हावं लागतं. रस्ता पुढे कसा वळणार हे आधीच वाचणं, ओल्या पानांवर ब्रेक न दाबणं, रात्री दोनला रिकाम्या चौकातही दोन्हीकडे बघणं. स्वार पडला तर त्याच्याबरोबर पेटीही पडते, आणि त्या पेटीची वाट कुणीतरी बघत असतं. इंग्लंडच्या हिवाळ्यात संध्याकाळी चारलाच अंधार होतो आणि डांबरावर बर्फाचा काचेसारखा थर बसतो, जो दिसतच नाही. अशा रात्री दोन चाकं बाहेर काढायची नाहीत असा निर्णय घेणं, हेही याच कामात येतं. मग चारचाकीवाला स्वयंसेवक निघतो.

मग मोटरसायकलच का? दिवसा वाहतुकीच्या कोंडीतून वाट काढता येते, पेट्रोल कमी लागतं, हे खरंच. पण रात्री दोन वाजता इंग्लंडच्या गावरस्त्यावर कुठली कोंडी? मला वाटतं, खरं कारण माणसाच्या स्वभावात आहे. या लोकांचं मोटरसायकलवर जिवापाड प्रेम आहे. गाडी चालवायला मिळते म्हणून ते झोपेवर पाणी सोडतात, आणि ती कुणाच्या तरी उपयोगी पडते म्हणून वर्षानुवर्षं सोडत राहतात. वारीत टाळ वाजवणाऱ्याला वाजवण्याचा आनंद वेगळा आणि भक्ती वेगळी असं सांगता येईल का? यांचंही मला तसंच दिसतं.

याची पहिली नोंद 1962 ची आहे. सरे परगण्यात मार्गारेट रायर्सन या बाईंनी ‘इमर्जन्सी व्हॉलंटिअर सर्व्हिस’ सुरू केली. मोटरसायकलवर स्वयंसेवेनं वैद्यकीय सामान पोचवणारी ही नोंदलेली पहिली संघटना. ते वर्ष मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या काळात ब्रिटनमध्ये मोटरसायकलवाला पोरगा म्हणजे घाबरण्याची गोष्ट होती. चामडी जाकीट घालून, लंडनच्या उत्तर वळणरस्त्यावरच्या एस कॅफेसमोरून ताशी शंभर मैलांनी गाडी हाणणारी ही मुलं वर्तमानपत्रांनी राक्षस करून ठेवली होती. त्याच 1962 साली बिल शेरगोल्ड नावाच्या धर्मगुरूंनी पूर्व लंडनमधल्या आपल्या चर्चमध्ये या मुलांना गाड्यांसह बोलावलं. दोनच वर्षांनी, 1964 मध्ये, क्लॅक्टन आणि ब्रायटनच्या किनाऱ्यांवर स्कूटरवाल्या ‘मॉड्स’ आणि मोटरसायकलवाल्या ‘रॉकर्स’च्या टोळ्या भिडल्या आणि देशभर खळबळ माजली. ज्या वाहनाकडे बघून लोक दारं लावून घेत होते, तेच वाहन रुग्णालयाच्या दारात बोलावणाऱ्या बाईंच्या नजरेचं मला फार कौतुक वाटतं.

पुढे 1981 मध्ये दक्षिण-पूर्व इंग्लंडात ‘सर्व्ह’ ही संघटना उभी राहिली. नव्वदच्या दशकापासून ‘फ्रीव्हीलर्स’सारखे गट, मग वेल्स, यॉर्कशायर, कंब्रिया, नॉर्थम्ब्रिया, स्कॉटलंड, समुद्रापलीकडे आयर्लंड. 2008 पासून या गटांची एक राष्ट्रीय शिखरसंस्था आहे. तरीही प्रत्येक गट आपापल्या परगण्यापुरता स्वतंत्र राहिला. सामान लांब जायचं असेल तर एका गटाचा स्वार हद्दीवर, महामार्गाकडेच्या एखाद्या विश्रांतिथांब्याच्या आवारात, पुढच्या गटाच्या स्वाराची वाट बघतो. पेटी एका गाडीतून दुसऱ्या गाडीत जाते, कागदावर सही होते, दोघं आपापल्या दिशेला. आपल्याकडे पालखीला गावोगावचे खांदे लागतात, तसं.

रक्त रस्त्यानं प्रवास करतं ही गोष्टच तशी अलीकडची आहे. शंभर वर्षांपूर्वी रक्त नव्हे, माणूस प्रवास करायचा. 1921 मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयानं रेडक्रॉसच्या कॅम्बरवेल शाखेला फोन करून तातडीनं रक्तदाता मागितला. शाखेचे मानद सचिव पर्सी लेन ऑलिव्हर आणि त्यांचे काही सहकारी स्वतःच रुग्णालयात गेले. त्यांतल्या एका परिचारिकेचं रक्त जुळलं. ऑलिव्हरांना त्यातून कल्पना सुचली: रक्तगट आधी तपासलेल्या, बोलावताच येणाऱ्या स्वयंसेवी दात्यांची यादी ठेवायची. ते आणि त्यांच्या पत्नी आपल्या घरातूनच ही यादी चालवत. दिवसा-रात्री फोन येई आणि दाता उठून रुग्णालयाकडे चालू लागे. घरातला फोन, रात्रीची हाक, पैशांची अपेक्षा नसलेला माणूस: ब्लड बाइकचा सगळा सांगाडा त्या घरात होता, फक्त मोटरसायकल नव्हती.

बाटलीतलं रक्त रस्त्यावर आलं ते युद्धांमुळे. 1936 च्या अखेरीस कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून यांनी स्पेनच्या यादवीत माद्रिदमधून गाडीनं आघाडीवर रक्त पोचवायला सुरुवात केली. (हेच बेथ्यून पुढे चीनमध्ये गेले आणि तिथेच वारले. त्यांच्या नावानं उभ्या राहिलेल्या रुग्णालयाची धुरा ज्यांनी वाहिली ते आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस.) स्पेनचा अनुभव लंडनमध्ये डॉ. जॅनेट व्हॉन यांनी वापरला. 1939 मध्ये युद्ध तोंडावर असताना लंडनभोवती चार रक्तकोठारं उभी राहिली. स्लाउचं कोठार व्हॉनबाईंकडे होतं. रक्त ठेवायला दुधाच्या बाटलीच्या आकाराच्या बाटल्या आणि ते थंड ठेवून न्यायला आइसक्रीम विकणाऱ्या कंपनीच्या गाड्या. बॉम्ब पडत असताना आइसक्रीमच्या गाडीतून रक्त नेणाऱ्या त्या चालकांपर्यंत आजच्या स्वारांची परंपरा जाऊन पोचते असं मला वाटतं.

पेटीत नेमकं काय असतं, हे सांगायला हवं, कारण सगळी शिस्त तिथून येते. तांबड्या पेशींची पिशवी रक्तपेढीत 2 ते 6 अंश सेल्सिअसमध्ये ठेवतात. अशी पिशवी ब्रिटनमध्ये 35 दिवस चालते. पण ती अर्ध्या तासाहून जास्त वेळ नियंत्रित थंडाव्याबाहेर राहिली तर पुन्हा साठ्यात ठेवायची नाही, असा तिथला जुना नियम आहे. प्लेटलेट्सचं अगदी उलटं. त्यांना थंडी मानवत नाही. 20 ते 24 अंशांत, सतत हलत्या तबकावर त्या ठेवतात, आणि त्यांचं आयुष्य जेमतेम आठवडाभराचं. म्हणून छोट्या रुग्णालयांना त्यांचा साठा ठेवणं परवडत नाही, गरज पडली की मागवाव्या लागतात, आणि कर्करोगाच्या रुग्णाला गरज रात्रीही पडते. प्लाझ्मा गोठवलेला असतो. एकाच मोटरसायकलच्या दोन पेट्यांत दोन वेगळे ऋतू सांभाळायचे असतात. पेटीला मोहोर लावलेली असते, ती वाटेत फोडायची नाही. स्वाराला रुग्णाचं नाव ठाऊक नसतं. तो फक्त क्रमांक ओळखतो.

रक्ताखेरीज नमुने असतात, दुर्मीळ औषधं असतात, शस्त्रक्रियेची अवजारं असतात. आणि असतं आईचं दूध. वेळेआधी जन्मलेल्या बाळाला आईचं दूध पुरेसं मिळालं नाही तर दुसऱ्या आईनं दिलेलं दूध पाजतात, कारण पावडरीच्या दुधापेक्षा त्यानं आतडी सडवणाऱ्या एका भयंकर विकाराचा धोका कमी होतो. दूध देणारी बाई आपल्या घरच्या फ्रीझरमध्ये बाटल्या साठवते. स्वार तिच्या दारातून त्या गोठलेल्या बाटल्या उचलून दुग्धपेढीत नेतो. तिथे दूध 62.5 अंशांवर अर्धा तास तापवून निर्जंतुक करतात, पुन्हा गोठवतात, आणि मग कुठला तरी स्वार ते नवजात विभागात पोचवतो. लंडनच्या क्वीन शार्लट रुग्णालयात 1939 मध्ये ब्रिटनमधली पहिली दुग्धपेढी निघाली. आशियातली पहिली मुंबईत, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, 1989 साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. चामडी जाकीट घातलेला धिप्पाड माणूस बाळंतिणीच्या दारात उभा राहून दुधाच्या बाटल्या मोजून घेतो आहे, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

केंट, सरे आणि ससेक्स या परगण्यांत एक हेलिकॉप्टर रुग्णवाहिका आहे. 2013 पासून ती रक्त घेऊन उडते, म्हणजे अपघातस्थळी, रस्त्याच्या कडेलाच, जखमीला रक्त चढवता येतं. हे रक्त तळावर ‘सर्व्ह’चे स्वयंसेवक पोचवतात. ही गोष्ट पुन्हा येणार आहे.

पैसे कुठून येतात? सुपरमार्केटच्या दारात बादली घेऊन उभं राहून, रोटरी क्लबांकडून, कुणाच्या मृत्युपत्रातून. गेलेल्या माणसाच्या स्मरणार्थ घरच्यांनी गाडीसाठी पैसे दिले तर काही गट गाडीला त्याचं नाव देतात. सरकारनं फार काही दिलेलं नाही, पण एक जाच काढला: 1 एप्रिल 2015 पासून अशा संस्थांनी भरलेला मूल्यवर्धित कर त्यांना परत मिळतो. जो गट टायर बदलण्यासाठी बादली फिरवतो, त्याच्याकडून त्या टायरवर वीस टक्के कर घेणं बरं दिसत नव्हतं.

रिचर्ड टिटमस या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञानं 1970 मध्ये रक्तदानावर एक पुस्तक लिहिलं, ‘द गिफ्ट रिलेशनशिप’. पैसे देऊन घेतलेल्या रक्तापेक्षा अनोळखी माणसानं अनोळखी माणसाला फुकट दिलेलं रक्त अधिक सुरक्षित असतं आणि समाजालाही बांधून ठेवतं, असं त्याचं म्हणणं. आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या निकालानंतर 1998 पासून पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आली. देणं आपण पैशांतून सोडवलं. नेणं मात्र नातेवाइकांच्या गळ्यात राहिलं. ज्याच्या घरात मोटरसायकल आहे, धावपळ करणारा भाऊ आहे, त्याचं भागतं. एकटी म्हातारी आत असेल आणि बाहेर तिचा तितकाच म्हातारा नवरा बसला असेल तर? ब्रिटनच्या त्या स्वारांनी टिटमसचा विचार रस्त्यापर्यंत वाढवला, मधला रस्ताही दानात धरला, असं मी मानतो.

महाराष्ट्रानं हे करून पाहिलं नाही असं नाही. जानेवारी 2014 मध्ये राज्यभर ‘जीवन अमृत सेवा’ सुरू झाली. 104 क्रमांकावर फोन केला की रक्तपेढीतून शीतपेटीत घातलेली पिशवी मोटरसायकलवरून रुग्णालयात यायची, ठरलेल्या अंतरात आणि माफक दरात. ज्यांच्या घरात त्या डब्याची वाट बघितली गेली आहे त्यांना ही केवढी मोठी गोष्ट होती हे सांगायला नको. 2022 मध्ये ती थांबवली गेली. मला याचं वाईट वाटतं, आजही वाटतं. योजना सरकारी असल्यानं ती सरकारी आदेशानं आली आणि तशीच गेली. तिच्याभोवती आपापल्या तालुक्यातल्या बाइकवाल्या पोरांचं मंडळ उभं राहिलं असतं तर ती इतक्या सहज थांबली नसती. आणि पोरं कमी आहेत का? दहीहंडीला, विसर्जनाला, पूर आल्यावर कोल्हापूर-सांगलीच्या रस्त्यांवर त्यांना आपण पाहिलंच आहे.

मुंबईचंही एक देणं या कथेत आहे. 1952 मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवाच रक्तगट शोधला. ‘लॅन्सेट’मधल्या त्या लेखात मुंबईच्या डॉक्टरांबरोबर लंडनच्या संशोधकांचीही नावं होती. जगभर तो आता ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणून ओळखला जातो. त्या गटाच्या माणसाला साधं ओ गटाचं रक्तसुद्धा चालत नाही. आपल्याकडे तो सुमारे दहा हजारांत एखाद्याचा असतो, युरोपात त्याहून कितीतरी दुर्मीळ. ब्रिटनमध्ये अशा दुर्मीळ रक्ताच्या पिशव्या लिव्हरपूलच्या गोठवलेल्या पेढीत जपून ठेवतात. मुंबई-पुण्याहून गेलेले कितीतरी डॉक्टर आणि परिचारिका आज त्या देशातल्या रुग्णालयांत रात्रपाळी करतात. लक्ष्मीपूजनाच्या रात्री, जी तिथे कामाची साधी रात्र असते, त्यांच्यापैकी कुणी तरी विभागाच्या दारात पेटीवर सही करून घेत असणार.

आता त्या हेलिकॉप्टरच्या तळाकडे परत. तिथे ठेवलेलं रक्त कायमचं तिथे ठेवता येत नाही. ते ठरावीक वेळच थंड राहतं. म्हणून नियमित फेरीत स्वार ताजी पेटी घेऊन तळावर येतो, ती आत ठेवतो आणि आधीची उचलतो. कधी ती हलकी असते, याचा अर्थ कुठल्या तरी रस्त्याकडेला ती उघडली गेली. कधी मोहोर तशीच असते. तशी असली की स्वार ती गाडीला बांधतो, वेगमर्यादेत, सिग्नलला थांबत, रुग्णालयाच्या रक्तपेढीत परत नेतो. आतल्या पिशव्या तपासून शीतकपाटात जातात आणि त्याच दिवशी, त्याच रुग्णालयात, दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर क्रॉसमॅच होतात.